माझ्या फोटोंवर आधीच लागलेला टॅग

मी, रोझमेरी पास्कोल रुमाव, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भीती मात्र आहे, आणि ती का आहे हे कलम पाचमध्ये सांगितले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, आतल्या सामानासह, माझी धर्मकन्या रोवेना हिला द्यावे. ती नालासोपाऱ्याला भाड्याने राहते आणि तरीही दर रविवारी मला भेटायला येते. ज्यांची घरे इथून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना मात्र वेळ मिळत नाही.

२. आईचे लाल लुगडे माझ्या धाकट्या भावाची विधवा क्लारावहिनी हिने एका कार्यक्रमासाठी नेले होते. परत आले ते फाटून. उंदराने कुरतडले म्हणाली. ते लुगडे तिलाच द्यावे, उंदरासकट.

३. बागेतली सर्व अवजारे, पंप आणि शिडी आमच्या बागेत काम करणाऱ्या नथूला. केळी आणि पानवेल त्याने जगवली. मी फक्त फोटो काढले.

४. संगणकावरचा फोटोसंग्रह. पन्नास हजारांच्या घरात फोटो आहेत. आईवडिलांच्या लग्नापासूनचे जुने फोटो स्कॅन करून घेतले आहेत. प्रत्येक फोटोला मी टॅग लावले आहेत: माणूस, ठिकाण, प्रसंग. खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ असाही टॅग आहे, कारण शिक्षिकेने ठोकून द्यायचे नसते. ‘बावखल’ असे शोधले की आमच्या बागेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याचे सारे फोटो वर्षावार समोर येतात. सगळा संग्रह रोवेनाला द्यावा. त्याची एक प्रत तिच्याकडे आजच पोचली आहे.

या कामात क्लारावहिनीचा मुलगा केनी याने मला मदत केली, हे कबूल केले पाहिजे. त्याच्या लॅपटॉपवरूनही हाच संग्रह उघडतो. पोरगा हुशार, नीटनेटका. कोणतेही काम वेळेच्या आधी उरकून मोकळे व्हायचे, ही त्याची लहानपणापासूनची सवय. या सवयीचे मी वर्गात उदाहरण देत असे.

५. आमच्या घरची एक रीत आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरींवर मेणबत्त्या लावून आलो की ओटीवर पडदा बांधून गेलेल्या माणसांचे फोटो दाखवतो. त्यासाठी माणूस गेले की त्याच्या सर्व फोटोंना ‘दिवंगत’ हा टॅग लावायचा. तो लावायचे काम केनीकडे.

गेल्या आठवड्यात मी यंदाचे फोटो बघायला बसले. त्यात मी होते. माझ्या बालपणापासून परवाच्या नातेवाइकांच्या लग्नापर्यंत माझ्या प्रत्येक फोटोवर ‘दिवंगत’.

मी केनीला फोन लावला. तो हसला. “आत्या, चिल ना. एकदम सिलेक्ट झालं असेल. सॉफ्टवेअरचा बग आहे, मी येऊन काढतो.”

“नको, राहू दे,” मी म्हणाले.

कोणता टॅग कोणाच्या खात्यातून कधी लागला, याची नोंद आमच्या प्रोग्राममध्ये राहते. माझ्यावरचा टॅग केनीच्या खात्यातून लागला होता. त्याच बैठकीत तळ्याच्या एकूण एक फोटोवरून ‘बावखल’ हा टॅग निघाला होता. चुकून निवडले गेले असते, तर एक टॅग लागून दुसरा निघाला नसता.

मग मी जॅक्सनचे फोटो उघडले. जॅक्सन माझा थोरला भाऊ, अविवाहित. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी तो चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आला नाही, म्हणून नथू बागेत गेला आणि त्याला तो तळ्यात सापडला. पाय घसरला, असे सगळे म्हणाले. नथू तेवढा मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाय, त्या पान्यात दादा जनमभर पोहला. तो बुडनारा मानूस न्हवता.” मी त्याला गप्प केले. प्रेत घरी येते न येते तोच केनीने चौकटीतला फोटो आणि मृत्यूची बातमी तयार ठेवली होती. सारे त्याचे कौतुक करत होते. मीही केले.

जॅक्सनवरचा टॅग केनीच्याच खात्यातून, त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी लागला आहे. त्या शुक्रवारी दुपारी जॅक्सन माझ्यासमोर बसून बोंबलाचे कालवण जेवत होता.

संगणकाचे घड्याळ चुकले असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण त्याच शुक्रवारी मी रोवेनाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे फोटो चढवले होते, आणि त्यांची तारीख व वेळ बरोबर आहे. ज्या पोराला मी बोट धरून चर्चला नेले, त्याचे नाव मी इथे लिहीत आहे, आणि लिहिताना रडू येत आहे.

६. बाग आणि बावखल. केनीला तळे बुजवून जमीन बिल्डरला द्यायची होती. जॅक्सन म्हणायचा, पाणी विकायचे नसते. जॅक्सन गेल्यावर त्याचा हिस्सा आपल्याकडे येईल, असा केनीचा हिशेब असावा. पण जॅक्सनने गुपचूप मृत्युपत्र करून तो माझ्या नावे केला होता, आणि हे केनीला मातीनंतर कळले. आता सारी जागा माझ्या नावे आहे आणि माझ्यामागे वारस केनीच; मधे उरले मी. म्हणून ही संपूर्ण जागा मी गावच्या पाणी समितीला देत आहे. तळे कधीही बुजवू नये. केनी किंवा क्लारावहिनी यांना या जागेत एक वीतही मिळणार नाही.

७. माझा मृत्यू कोठेही व कसाही झाला तरी शवविच्छेदनाशिवाय मला पुरू नये. लोक म्हणतील, म्हातारीला कशाला कापता. कापा. माझ्यावरचा टॅग मी काढलेला नाही व कोणी काढू नये. जॅक्सनच्या फोटोंच्या नोंदीसह तो पोलिसांना दाखवावा. पोलीस ठाण्यात अर्ज मी परवाच दिला आहे. घेणारा म्हणाला, “मावशी, फोटोवरून काय केस होते का?” त्याने प्रतीवर शिक्का मारून दिला, ती प्रत सोबत जोडली आहे.

८. शेवटचे. जॅक्सनने आपले मृत्युपत्र लपवून ठेवले, ही त्याची चूक झाली. त्याच्या मरणाने काही हाती लागणार नाही हे केनीला आधी माहीत असते, तर माझा भाऊ आज बागेत असता. ती चूक मी करणार नाही. उद्या रविवारी मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या आवारात, सगळ्यांच्या देखत मी हे केनीला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे.

मृत्युपत्र व्यवस्थापक म्हणून रोवेनाची नेमणूक करते. वरील मजकूर माझा आहे, एक शब्दही कोणी सांगितलेला नाही, आणि खालील दोघींसमोर मी सही करत आहे. दोघींना यातून काही मिळत नाही.

सही: रोझमेरी पास्कोल रुमाव
ठिकाण: भुईगाव, वसई
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

साक्षीदार:

१. ज्युली डाबरे, शेजारीण. रोझमेरीबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. डॉ. संजना पाटील. सही माझ्यासमोर झाली. बाईंच्या सांगण्यावरून आज त्यांची संपूर्ण तपासणी केली. रक्तदाब, हृदय, साखर उत्तम. अचानक मृत्यू यावा असा कोणताही आजार त्यांना नाही.