धवला संपेपर्यंत मोबाईल बंद

काल्हेरचे आमचे व्याही बाळारामशेठ यांना दिघाशीहून तुळशीरामचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंनी दिलेलं तेल चोळता, की नुसतं बाटलीकडे बघून बरं वाटून घेता? इकडे सगळे खुशाल. तुमची निशा खुशाल, आमचा दीपेश खुशाल, आणि आजपासून निशाचा लॅपटॉपसुद्धा खुशाल. ही शेवटची खुशाली मिळवायला आमचा आठवडा गेला. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून तुमच्या कानावर यायच्या आत मीच सगळं कळवतो. (पत्र टेम्पोवाल्या भाविकच्या हाती देतोय. तो तोंडी काही सांगू लागला तर चहा देऊन गप्प करा.)

झालं असं, की निशाच्या कंपनीने फर्मान काढलं. लॅपटॉपमध्ये नवीन अपडेट टाकून घ्या, सोमवारी सकाळपर्यंत झालं नाही तर मशीन बंद. मग घरून काम नाही, रोज ऐरोलीच्या ऑफिसात हजेरी. दिघाशीहून रोज ऐरोली म्हणजे माणूस घरी फक्त कपडे बदलायला येणार. पोरांनी त्यावर तोडगा आधीच काढून ठेवला होता. मी ओटीवर बसलेलो, ती दोघं आत हळू बोलत होती. (हळू बोललेलं मला जास्त स्पष्ट ऐकू येतं. कापडाच्या पॉवरलूमच्या खडखडाटात जन्म काढला की माणूस एक तर बहिरा होतो, नाहीतर माझ्यासारखा.) दीपेश म्हणत होता, काल्हेरला फ्लॅट बघू, तिथे फायबरचं नेट आहे. शेठ, पोरं एकदा फ्लॅटात गेली की सणाला पाहुण्यासारखी येतात, बॅग ठेवायच्या आधी परतीची वेळ ठरवतात. मग एवढ्या घरात मी आणि दीपेशची आई, समोरासमोर. तिचं निभेल, माझं काही खरं नाही.

तुम्ही म्हणाल, निशाला लॅपटॉप घेऊन दोन दिवस माहेरी पाठवायचं होतं. तीही तेच म्हणाली. पण साखरपुड्यात तुमच्या अख्ख्या भाऊबंदांसमोर मी छातीला हात लावून बोललो होतो, की आमच्या गावात नेटला काही कमी नाही. सून तुमच्याकडून आणली ते रीतीप्रमाणे झालं, आता तिचं इंटरनेटपण तुमच्याकडूनच आणायचं? व्याह्याच्या घरचं ताट चालतं. नेट नाही चालत.

म्हणून मी कामाला लागलो. उंचावर रेंज चांगली असं ऐकून होतो, तेव्हा दीपेशच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून तो पारदर्शक पिशवीत घालून बांबूला बांधला आणि कौलाच्या वर उभा केला. लॅपटॉप खाली, फोन वर, अपडेट मस्त चाललेलं. तेवढ्यात शेजारचा लडकू कुंपणावर चढून ओरडायला लागला, "काय रं तुळश्या, आमचे घराव कॅमेरा लावलास काय?" त्याला म्हटलं, बाबा, नेट पकडतोय. तर म्हणे, "मंग त्याचा डोला आमचे न्हाणीकडं कशाला?" आता फोनला डोळा असतो आणि तो कुठेतरी बघणारच, हे मी त्याला कसं सांगू? बांबू उतरवला.

दुसऱ्या दिवशी पोरांनी फोन पोटमाळ्याच्या खिडकीत ठेवला. अर्ध्याच्या पुढे गाडी गेली. निशा आंघोळीला गेलेली, आणि मला लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज बदललेला ऐकू आला. लूमवर आमची शिस्त एकच, आवाज बदलला की आधी बटण बंद, मग विचार. मी बटण दाबून धरलं. थोडा गार होऊ दे बिचारा, अशा मायेने. पुन्हा चालू केला तर अपडेट पहिल्यापासून. निशाने स्क्रीन पाहिली. नुसती भाकरी वाढली. (तुम्ही तिला चांगलं वळण लावलंय, पण ते न बोलणं फार लागतं हो.)

रविवार उजाडला आणि संध्याकाळी शेजारी नवशाच्या पोराची हळद. डीजे, मंडप, सगळं गाव. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि प्रत्येकाचा व्हिडिओ चालू. आमच्या अपडेटने जागीच बसकण मारली. दीपेश म्हणाला, "बाबा, अख्खं गाव एका टॉवरला लोंबकळतंय, आपल्याला काय मिळणार?" आणि मोबाईलवर फ्लॅटचे फोटो उघडून बसला.

मी उठलो तो सरळ मंडपात, आक्काकडे. आक्का आमची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन देवांना आवतण देणारी. पूर्वी तिच्याशिवाय हळद लागत नसे. आता जनरेटरमध्ये डिझेल भरायला डीजे थांबला तरच तिला माईक मिळतो. मी तिच्या कानात सगळं सांगितलं, अपडेट किती टक्क्यांवर अडलंय तेही. म्हणाली, "टक्के मना न्हाय समजत. देव किती बोलवायचं ते सांग." म्हटलं, जेवढे ओळखीचे असतील तेवढे.

आक्काने डीजेवाल्याच्या हातून माईक काढून घेतला. "धवला चालू हाय तवर जो मोबाईल काडल, त्याच्या घरी देव येनार न्हाय!" बाप रे. सगळे फोन खिशात. नवशाने तर स्वतःचा बंदच केला. आक्काने गावदेवीपासून सुरुवात केली. मी कुंपणापाशी, एक कान मंडपात, एक कान आमच्या खिडकीत, तिथून निशा टक्के सांगत होती. एकवीरा आई आली तेव्हा अपडेट हललं, खंडोबा आला तेव्हा धावायला लागलं. नवरदेवाच्या अंगावर हळद वाळून पापडी झाली. शेवटी देव संपले आणि थोडं अपडेट उरलं. आक्का माझ्याकडे बघते, मी हाताने खुणावतोय, अजून, अजून! मग तिने सोयऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. तुम्हालाही खंडोबाच्या शेजारी बसवलं, शेठ.

आणि खिडकीतून निशा ओरडली, "बाबा, झालं!" मी तिथेच नाचलो. लोकांना वाटलं, देव आला अंगात.

आज सकाळी निशाचं काम वेळेवर सुरू झालं. दीपेशने फ्लॅटचं नाव काढलं नाही. मी ओटीवर आडवा होऊन तिच्या बटणांची टिकटिक ऐकत हे लिहितोय. गोड लागते कानाला.

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा,
तुळशीराम

ता. क. निशा आत्ताच म्हणाली की अपडेट दर महिन्याला येतं. दर महिन्याला हळद कुठून आणू? आक्काचा घसाही बसलाय. तेव्हा एवढं करा. दर महिन्याला दोन दिवस निशाला माहेरी बोलवा. आईला आठवण येते म्हणा, वाटेल ते म्हणा, नेटचं नाव काढू नका. "लॅपटॉप घेऊन ये" हे जाता जाता बोलल्यासारखं बोला. मी एकदा नाही म्हणेन, ते मनावर घेऊ नका, पुन्हा विचारा.

आणखी एक. बोलवायला फोन करत बसू नका, स्वतः या. इथे लागत नाही.