बर्फ सुका होता

६ ऑक्टोबर २०२२

आज आइस हॉकीच्या मॅचमध्ये एका पोराचं हाड मोडलं. गळ्याजवळचं. मी मोडलं.

धवल. इथल्या अल सद्द वस्तीत राहणारा, पुण्याच्या लोकांचा मुलगा, आमच्या विरुद्ध टीममध्ये. हडकुळा, पण बर्फावर मासोळीसारखा पळतो! दोनदा मला गंडवून गेला. कठड्यामागे लोक हसले. तिसऱ्यांदा तो पाठमोरा होता. मी थांबू शकत होतो. थांबलो नाही. पाठीमागून सगळं अंग टाकलं त्याच्यावर.

आवाज अजून कानात आहे.

७ ऑक्टोबर

रिंकच्या मॅनेजरने विचारलं, काय झालं? तोंडातून निघून गेलं— "सर, बर्फ ओला होता. पाय घसरला."

बर्फ ओला नव्हता. बर्फ गुळगुळीत करायचं मशीन फिरवून झालं की विजूभाऊ खाली बसतो, तळहात बर्फावर टेकवतो. हाताला पाणी लागलं नाही तरच आम्हाला हात वर करून सोडतो. कालही टेकवला होता. मी समोर उभा होतो, बघत होतो.

विजयकुमार त्याचं नाव, सिन्नरचा. आमची खोली एक, खाटा समोरासमोर. मला रात्री ताप आला की पंखा बंद करणारा माणूस.

संध्याकाळी त्याला मशीनवरून उतरवलं. आता भाड्याचे बूट पुसायचे, चौकशी होईपर्यंत.

९ ऑक्टोबर

विजूभाऊ म्हणाला, "काय पैलवान, जेवला का?" जेवलो नव्हतो. हो म्हटलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरवून गेलो अल सद्दला, धवलच्या घरी, की खरं सांगायचं. लिफ्टमध्ये वाक्य पाठ केलं. दार धवलच्या आईने उघडलं, विभावरीकाकू. "अरे, फुजैल ना तू? ये, ये! रत्नागिरीचा आहेस म्हणे. तुमच्याकडे घावणे करतात तसे मला जमत नाहीत हं, हसू नकोस."

घावणे पुढ्यात आले. वर नारळाचा रस. अम्मीची आठवण आली. अम्मीला आणि नफिसाला वाटतं, मी इथे लहान मुलांना स्केटिंग शिकवतो. नफिसा तर शेजारी सांगते, भाई कोच आहे!

काकू म्हणाल्या, "तुझी काय चूक त्यात? त्या मशीनवाल्याचा निष्काळजीपणा. मीच कडक मेल पाठवला मॅनेजमेंटला."

धवल सोफ्यावर, हात झोळीत. माझ्याकडे नुसता बघत होता. जाताना म्हणाला, "टेक केअर, फुजैल."

चार घावणे खाल्ले मी. चार! वाक्य एकही निघालं नाही.

२० ऑक्टोबर

बर्ट भेटला. हा कॅनडाचा म्हातारा कोच, तिकडे पगारी एन्फोर्सर होता अकरा वर्षं. म्हणजे टीमचा मारकुटा. गोल करायचा नाही, आपल्या चांगल्या खेळाडूला कोणी धक्का दिला की त्याला भिडायचं. मला या धंद्यात त्यानेच ओढलं. लडाखला हॉटेलात भांडी घासताना गोठलेल्या तळ्यावर शिकलो होतो स्केटिंग, ते बघून. इथे मारामारीला बंदी आहे, म्हणून म्हणायचा, मारायचं नाही, पण मारशील असं वाटलं पाहिजे.

त्याची बोटं वेडीवाकडी. कप धरायला दोन्ही हात लागतात. कधी मुलीचं नाव विसरतो.

त्याचा नियम— आधी हातमोजे काढायचे. समोर यायचं. डोळ्यांत बघून विचारायचं, भिडतोस? तो नाही म्हणाला तर खलास, परत फिरायचं. म्हणाला, शेकडो भांडणं केली, एकाचीही लाज नाही. एक सोडून. त्या मुलाने हातमोजे काढले नव्हते.

मग कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलंय का? कळलंच असेल.

२ नोव्हेंबर

कोर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर गेलो होतो. फुटबॉल वर्ल्ड कपला उरलेले दिवस दाखवणाऱ्या घड्याळाशेजारी लोक फोटो काढतात. अर्जेंटिनाचा शर्ट घातलेली केरळची पोरं, ढोल, एक मांजर त्या गर्दीत आरामात झोपलेलं. त्या मांजराचे मीच दहा फोटो काढले. लिहायला बसलो होतो विजूभाऊबद्दल, आणि मांजर लिहितोय!

कॅप्टन खूश आहे. म्हणतो, आता कोणी आमच्या जवळ येत नाही. वर्ल्ड कपला येणाऱ्या लोकांसाठी फॅन झोनमध्ये दाखवायची मॅच आहे, त्यात मी हवाच. पोस्टरवर माझा फोटो.

विजूभाऊने पोस्टर बघितलं. "नाक चांगलं आलंय," म्हणाला. बूट पुसत राहिला.

११ नोव्हेंबर

चौकशी संपली. विजूभाऊला काढलं, उद्या रात्रीचं गावाचं तिकीट. त्याची पूर्णिमा मार्चमध्ये दहावीला बसणार, तोवर तरी टिकायचं होतं त्याला. घरी फोनवर सांगत होता, "अगं, सुट्टी मिळाली." हसत सांगत होता!

मी पांघरुणात. तौबा, मी काय माणूस आहे.

१२ नोव्हेंबर, सकाळ

सांगितलं. विजूभाऊ बॅगेत मोजे कोंबत होता. वर बघितलंच नाही.

"माहितीये. धवल पहिल्याच आठवड्यात आला होता. काका, बर्फ सुका होता, मी लिहून देतो म्हणाला. मी म्हटलं, थांब. आमचा पैलवान स्वतः येईल."

पाच आठवडे! समोरच्या खाटेवर.

"का थांबलास भाऊ?"

"त्याच्या कागदावर नोकरी वाचवली असती, तर मग तुझ्यासोबत एका खोलीत राहायचं कसं, येड्या?"

मॅनेजरचं ऑफिस नऊला उघडतं. मी दाराशी उभा राहून लिहितोय. हातमोजे खोलीवर ठेवून आलोय.