देवराईतला पाला

मुरबाड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रमिलास अनेक आशीर्वाद. विशेष हे की, तुझ्याविरुद्ध गंभीर तक्रार आहे. तू पाठवलेली भेंडी आमच्या कढईत आडवी मावत नाही, उभी ठेवली तर झाकण बसत नाही. तुझी वहिनी म्हणते, वन्संना सांगा, भाजी पाठवा, काठ्या नकोत. सारा दोष तुझ्या त्या परदेशी गांडुळांचा. त्यांच्या खतावर माझा पारिजातक असा माजलाय की फुलं वेचायला शेजारी आमच्या आधी उठतात. यंदा मात्र खताची गोणी आली नाही. गांडूळमहाराज रुसले की भाऊजी?

लोभ आहेच, तो कढईत मावेल एवढा ठेवावा.
तुझा,
दादा

शहापूर,
१७ मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि. रुसलं कुणी नाही, खताचे खड्डे मीच बुजवले.

गांडुळं फार वाढली की हे म्हणत, उन्हात फेक. माझा हात धजेना. म्हणून दर पावसाळ्यात देवापुढे नारळ वाढवून मी टोपलीभर टेकडीवरच्या देवराईत सोडत आले. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी उचलत नाही. म्हटलं, बिचारी पोटभर खातील.

खाल्लंच. घोटा बुडेल एवढा पाला होता, तिथे आता उघडी माती आणि पानांच्या नुसत्या शिरा. जांभळाचं एक रोप धरत नाही.

गाव म्हणतं, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबाला, पाला राहीने नेला. राही खालच्या वाडीतली, आपल्याकडे भेंडी तोडायला येते ती. ती देवावर हात ठेवून सांगते, आमी एक पान नाय उचललं गो. कोण ऐकतो? बैठकीत ठरलं, देवराईतल्या झऱ्यावर राहीच्या घरच्यांनी यायचं नाही. आता ती ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून पाणी उपसते.

बैठकीला मीही होते. हे म्हणाले, तू गप ऱ्हा, आपल्याला याच गावात ऱ्हायचंय. पाऊस पडला की विसरतील. तू शिकलेला, काय ते लिही. वहिनीला नमस्कार.

माया कमी करू नकोस.
प्रमिला

मुरबाड,
२ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रमिलास आशीर्वाद. शिकलेला म्हणालीस, तर आधी ते उरकतो. संस्कृतात गांडुळाला भूनाग म्हणतात. एवढ्याशा जिवाला नाग कशाला, म्हणून वर्गात पोरं हसतात, मीही हसतो. तुझ्या खड्ड्यात शेण-कचरा खाऊन त्याने सोन्यासारखं खत दिलं. देवराईत त्याला शेण घालणारं कुणी नव्हतं, त्याने झाडांचं अंथरूण खाल्लं. त्यात त्याचा गुन्हा नाही. तुझ्या दयेलाही मी नावं ठेवत नाही.

पण भाऊजींचं एक चुकतंय. गाव पाला विसरेल, राहीला लावलेलं नाव विसरणार नाही. उद्या तिच्या सुनेलाही तेच ऐकवतील. गांडुळांना ऊन लागू नये म्हणून तू टोपली डोक्यावर घेऊन टेकडी चढलीस. राही भर उन्हात वाळू उपसते आहे, आणि संध्याकाळी तुझीच भेंडी तोडते आहे.

भेंडी पाठवू नकोस. गंमत नाही करत.

रान गेलं तर जाईल, त्याचं दुःख मी करीन. मला भीती वेगळीच आहे. तू गप्प राहशील, आणि पाऊस पडेपर्यंत तुला त्याची सवय होईल.

लोभ आहे, म्हणूनच लिहिले.
दादा