गाठीचा खुंट

प्रिय बाबा,

आज हमीदचाचांना अकोल्याला केमोसाठी दाखल करून आले. अमरावतीला घरी पोचल्यावर हातपाय धुतले आणि सरळ तुम्हाला लिहायलाच बसले. तुमच्या नर्सरीतली संत्र्याची कलमं अचलपूरच्या बाजारात विकणारे तुमचे दोस्त, त्यांनाही तुमचाच आजार झालाय. मूत्राशयाचा कॅन्सर.

दोन आठवडे ते केमोला नाहीच म्हणत होते. "पोरी, तुह्या बापाले मी पाह्यलं. केमोनंच खचला तो."

तुमच्या केमोचा हट्ट माझाच होता ना! घासभर भात पोटात ठरत नव्हता तुमच्या, आणि गाठ होती तशीच. त्यातच तुम्ही गेलात.

पहिल्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना काय विचारलंत, आठवतं? "सायेब, माह्या गाठीचा खुंट कोनता हाय? संत्र्याची झाडं वरून सारखीच दिसतात. कलम कोनत्या खुंटावर बांधलं, खाली मूळ कोनाचं हाय, ते पाहूनच मी औषध सांगतो."

नर्स हसली. मी लाजून तुमची बाही ओढली. "ही नर्सरी नाही, बाबा," मी म्हणाले. त्यानंतर तुम्ही आजाराबद्दल एक शब्द विचारला नाहीत. कावून, बाबा, का? एकदा तरी झापायचं होतं मला!

यावेळी चाचांच्या डॉक्टरांना तुमचाच प्रश्न मी विचारला, जरा शुद्ध करून. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, वरून सारख्या दिसणाऱ्या गाठी जनुकांवरून वेगळ्या निघतात. काहींवर ऑपरेशनआधीची केमो चांगली चालते, काहींवर फारशी नाही. ही तपासणी अजून सगळ्यांची होत नाही, आणि नुसत्या तिच्यावर निर्णयही घेत नाहीत.

चाचांच्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. केमोचा उपयोग होण्याची शक्यता बरी, असा प्रकार निघाला. खात्री कोणीच दिली नाही. मग मी चाचांना तुमचा प्रश्न सांगितला. बाही ओढली, तेही सांगितलं.

त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "त्याचा खुंट अलग, माहा अलग. मंग त्याले पाहून मी कावून भेतो? चाल, लावू दे सलाइन."

तुमचा खुंट तेव्हा कोणी पाहिलाच नाही. केमो तुम्हाला बरोबर दिली की उगाच, हे मला कधीच कळणार नाही. त्याची माफी कशी मागतात, तेही मला येत नाही.

सोमवारी पुन्हा जाईन. चाचा डॉक्टरांना काहीही विचारोत, सगळा वॉर्ड हसला तरी चालेल. मी त्यांची बाही ओढणार नाही.

तुमची,
नंदा