गावाने उचललेला भंडारा

७ जुलै, रविवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. आज खंडोबाच्या देवळात गावातल्या सगळ्या बापांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली — दहावीनंतर मुलीला कॉलेजला पाठवणार नाही. का? तर आमच्याबरोबर कॉलेजला जाणारी उज्वला पळून गेली. पळाली ती एकटी, शिक्षा आम्हा सगळ्यांना. ज्याच्याबरोबर गेली त्याच्या भावांचं कॉलेज चालूच आहे! त्यांच्यासाठी कुणी भंडारा उचलला नाही.

अण्णांनीही उचलला. माझ्या अण्णांनी. घरी आले तेव्हा बोटं पिवळी होती. मी विचारलं, "माझी बारावी?" म्हणाले, "देवाची आण हाय. मोडता येत नाय."

८ जुलै

कॉलेजला नेणारी लासलगावची बस फाट्यावर आली, थांबली, एकही मुलगी चढली नाही, गेली. मी आणि माझ्या वर्गातली सायली गच्चीवरून बघत होतो. सायली रडली. मला रडू येत नाही, दातओठ खाऊन जबडा दुखतो नुसता.

१० जुलै

गोरक्षनानांकडे गेले. देवळातल्या सभेत पुढाकार त्यांचाच. म्हटलं, हे बेकायदा आहे, मी तक्रार करीन. हसले. "कर ना. साहेब काय तुला कडेवर घेऊन कॉलेजात नेणार हाय?" यांची स्वतःची नात नाशिकला हॉस्टेलवर राहून शिकते. तिथे खंडोबाची नजर पोचत नाही वाटतं.

घरी येऊन मोबाईलवरून पोलिसांकडे तक्रार केलीच.

११ जुलै

अण्णांनी मोबाईल काढून घेतला. नानांचा फोन आला होता — पोरीला आवर म्हणून.

१३ जुलै

आता सगळ्यात जास्त राग आईचा येतो. आठवडाभर एक शब्द नाही. भाकऱ्या थापते, शेतात जाते, येते. आज तर संध्याकाळभर लंकामावशीकडे जाऊन बसली. उज्वलाच्या आईकडे! त्या घरी आता कुणी पाणीसुद्धा पीत नाही. मला घरात कोंडलंय आणि हिला गप्पा सुचतात.

आल्यावर मी फाडकन बोलले, "तुला माझं काहीच वाटत नाही." वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "सोमवारी लवकर ऊठ." शेतात निंदायला न्यायचं असणार. झालं. माझ्या फिजिक्सचं पुस्तक आता चुलीत घाला.

१५ जुलै, सोमवार

आईने हातात डबा दिला. कॉलेजची बॅग पुढे ठेवली.

"भंडाऱ्याचं काय?" मी विचारलं.

"तो बापांनी उचलला. आम्हा बायांना कुठं बोलावलं होतं सभेला?"

अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

फाट्यावर सगळ्या मुलींच्या आया उभ्या. बस दिसली तशी लंकामावशी रस्त्याच्या मधोमध गेली आणि तिने हात केला.