बा-मायचे दगड

1 नोव्हेंबर 2003, शनिवार, दिवेलागण

उद्या मेल्या माणसांचा दिवस. पुण्याहून, औरंगाबादहून भावंडांची लेकरं मेणबत्त्या घेऊन येणार. फादर बा-मायच्या कबरींवर पाणी शिंपडणार. अन् कबरी कुठं हायेत तेच मला सापडून न्हाई राहिलं.

दुपारी साफ करायला शेतात गेले तर डोक्याशी लावलेले दोन्ही दगड गायब. सगळीकडं तूर, खांद्याएवढी. धाकट्या भावाला, सायमनला विचारलं.

"आक्का, टॅक्टर अडकत होता. पेरणीला काढले, परत लावणारच होतो."

"कुठून काढले ते दाखव."

तुरीत इकडून तिकडं फिरला. "इथंच कुठंतरी. फादरला म्हणावं, चार ठिकाणी शिंपडा."

थोबाड फोडावं वाटलं. गावात किरिस्तावाचं आमचं एकच घर. मसणवट्यात जागा देईनात म्हणून दोघं सोताच्या शेतात निजले. खूण म्हणून ते दगड तेवढे होते. अंधार पडेस्तोर मी माती चाचपली. सगळी सारखीच लागते.

मी तर माहेरीच राहिलेली. मेल्यावर मला मायच्या बाजूला ठेव, असं सायमनला सांगून ठेवलंय. आता काय उपयोग? माझा खड्डा मायवरच खांदंल तो.