शहाणा आणि राहूचं दूध

सोमवार, ९ मार्च २०२६

शहाणा आला. म्हणजे डेअरीच्या रिपोर्टचा जो डॅशबोर्ड आहे, त्याच्या कोपऱ्यात एक बटण आलं. दाबायचं, प्रश्न टाइप करायचा, की आतून उत्तर येतं. मराठीतसुद्धा! सत्यजीत सरांनी अख्खं ऑफिस गोळा करून दाखवलं. 'कालचं दूध संकलन किती?' आकडा आला. सगळे आ वासून बघतायत. अरे, हाच आकडा मी लग्नाआधीपासून रोज सकाळी यांच्या टेबलावर ठेवतेय. तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही.

सर म्हणजे आबांचे चिरंजीव. डेअरी पोपटआबांनी उभी केली, सर पुण्याहून शिकून आले आणि आता ती सुधारतायत. मला म्हणाले, 'मॅडम, तुमचा त्रास वाचला.' मला त्रास होता हे मला आजच कळलं.

मंगळवार, १० मार्च

आबा आले, स्क्रीनपुढं उभे राहिले. 'ह्याला इचार की, पाऊस कवा पडंल.' सर हसले नाहीत. मी हसले.

गुरुवार, १२ मार्च

उन्हाळ्यात दूध आटतं, टँकरचं डिझेल अंगावर येतं. म्हणून एप्रिलअखेर कमी दुधाची केंद्रं बंद करायची असं चाललंय. कोणती, ते आकडे बघून ठरणार. म्हणजे शहाणा सांगणार!

मला काळजी राहू गावच्या केंद्राची. भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात. केंद्र भागुबाई चालवतात, नवरा गेल्यापासून एकटीनं. दूध घालणाऱ्या बहुतेक बायकाच, कुणाची एक म्हैस, कुणाच्या दोन गाई. केंद्र गेलं तर ह्यांनी किटल्या घेऊन कुठं जायचं? हे शहाण्याला कोण सांगणार.

सोमवार, १६ मार्च

सकाळचे फोन बंद. इतकी वर्षं मी रोज प्रत्येक केंद्राला फोन लावून दूध विचारायचे. आता केंद्रवाले मोबाइलवर ॲपमध्ये आकडे भरणार. शेऱ्याचा रकानाही काढून टाकला. का, तर 'शेरा चार्टमध्ये बसत नाही'. लाइट नव्हती, गावात लग्न होतं, चारा बदलला, हे सगळं त्या रकान्यात असायचं. नाही बसत तर नाही बसत.

सर जाता जाता म्हणाले, 'ज्यांना अडचण असेल त्यांना करत राहा फोन.' वा! म्हणजे मान शहाण्याला आणि निस्तरायचं मी. एकालाही करणार नाही.

बुधवार, १८ मार्च

भागुबाईंचा फोन. 'मॅडम, फोन न्हाई तुमचा. काय झालं काय?'

म्हटलं, 'सगळं ॲपवर आहे आता, मावशी.'

'म्हंजी आमचं बगणारं कुणी न्हाईच व्हय?'

'ते कॉम्प्युटरला विचारा,' म्हटलं आणि ठेवला. राग सरांवर होता, निघाला भागुबाईंवर. उद्या फोन करीन.

शनिवार, २१ मार्च

नाही केला. राहून गेलं.

इकडं सगळे शहाण्यापुढं असे बसतात, जसे अंगात आलेल्या बाईपुढं. जो तो आपल्याला हवं तेच विचारतो आणि तो ते छान सजवून परत देतो. सरांनी विचारलं, 'सगळ्यात कमकुवत केंद्र कोणतं?' म्हणे केंदूर. अरे, केंदूरचा दूध थंड करायचा कूलर बिघडला होता, त्यांचं दूध आठवडाभर शेजारच्या केंद्रावर गेलं! टँकरवाल्यालासुद्धा माहीत आहे. मी गप्प बसले. शेवटी आबांनीच सांगितलं. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शनिवार, ४ एप्रिल

आजचा दिवस माझा.

मीटिंगमध्ये शहाण्यानं लाल अक्षरात दाखवलं, राहूचं दूध गेल्या वर्षीच्या याच आठवड्यापेक्षा निम्मं. सरांनी कारण विचारलं. तर उत्तर काय? 'कारण माझ्याकडच्या माहितीत नाही. केंद्राशी बोलून खात्री करावी.' मी सगळ्यांसमोर हसले. मग तू कशाला बसलायस बाबा तिथं!

सर लगेच राहूला निघायला लागले, ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. म्हटलं, 'सर, कशाला एवढ्या उन्हात? राहूची जत्रा आहे. घरोघरी पाहुणे, दूध चहात आणि खिरीतच संपतं. गेल्या वर्षी जत्रा दहा-बारा दिवस उशिरा होती. जत्रा तिथीवर असते, तारखेवर नसते. हा तारखेला तारीख लावतोय.'

आबांनी टेबलावर थाप मारली. 'आगं व्हय की! पाव्हण्यारावळ्यांत दूध कुठलं उरतंय?' सरांनी गाडी परत पाठवली. 'सॉरी मॅडम' म्हणाले. सॉरी! चारचौघांत!

राहू वाचलं. घरी जाताना जिलेबी घेतली.

सोमवार, ६ एप्रिल

आज तिघं जण शहाण्याला सोडून मला विचारायला आले. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

शुक्रवार, १० एप्रिल

जत्रा झाली. पाहुणे गेले. राहूचं दूध वर येत नाही. उलट आणखी खाली.

शहाण्याचं तेच पालुपद, केंद्राशी बोला. सरांनी माझ्याकडं बघितलं. म्हटलं, 'आता लग्नं आहेत, सर.' आवाज चांगला खणखणीत लावला. त्यांना पटलं. मलाच नाही पटलं.

भागुबाईंचा नंबर काढला आणि ठेवून दिला. फोन केला तर त्याचं ऐकल्यासारखं होईल. त्या ठोकळ्याचं? मी?

रविवार, १२ एप्रिल

सुट्टी असून टँकरमध्ये बसून राहूला गेले. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे.

केंद्राच्या दारात किटल्या होत्या. पण दुसऱ्याच डेअरीची गाडी उभी होती आणि दूध तिच्यात चाललं होतं. आमच्या टँकरसाठी दोन कॅन बाजूला ठेवले होते, नावापुरते.

भागुबाईंनी चहा दिला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, 'जवा तुमचा फोन यायचा बंद झाला तवाच समजलो, आपलं केंद्र मोडणार. तुमी कवा तोडून बोलत न्हाई. त्या दिवशी बोलला. म्हटलं, वरनं ठरलं आसंल, बाईला सांगाया जड जात आसंल.'

मी म्हटलं, 'तसं काही नव्हतं, मावशी.'

'मग एकदा यायचं तरी. बायका दुसरीकडं दूध घालाया लागल्या, निम्म्यावर आलं तवा वाटलं, आता तरी कुणी इचारायला यील. जत्रंत पण रस्त्याकडं डोळं लावून बसलो. कुणी आलं न्हाई. बायकांचं दूध नासवू का मी? दिला शब्द दुसऱ्या डेअरीला.'

परत फिरवा म्हणायचं तोंड मला नव्हतं. तरी म्हणाले. 'शब्द दिलाय बाई,' एवढंच बोलल्या आणि कप उचलून आत गेल्या.

येताना रडले. ड्रायव्हरनं गाणी लावली.

बुधवार, १५ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, 'राहू बंद करायचं नव्हतंच, मॅडम. तिथं नवीन कूलर बसवणार होतो, मोठा. सगळ्यात चांगली फॅट राहूची, ते केंद्र मोडू नका, वाढवा, असं मार्चमध्येच शहाण्यानं दाखवलं होतं. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. तुम्ही विचारलं नव्हतं का त्याला?'

नाही. मी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.